दाजी, घाट आमचा आहे

आदरणीय दाजी,



पत्र तुमच्या नावानं लिहितोय, पण ते तुम्हा एकट्याला नाही. यात्रेला सासुरवाडीला यायचं, सासुरवाडीच्या मांडवात बसायचं, मेव्हण्याच्या हातून फेटा बांधून घ्यायचा आणि आरोळ्या मात्र स्वतःच्या गावच्या गाड्याला ठोकायच्या, अशा समस्त दाजींना ते आहे. तुम्ही त्यांचे पुढारी, म्हणून वर तुमचं नाव. शिवाय पत्र खुलं असल्यामुळं ते आधी ताई वाचणार, मग आई, मग तळेगावात चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचलं जाणार आणि सगळ्यात शेवटी तुमच्या हातात पडणार. तोवर त्याच्या चार आवृत्त्या तुमच्या कानावर आलेल्या असतील. ही मूळ प्रत जपून ठेवा.

बैलगाडा शर्यतीचं कायदेशीर प्रकरण मी यंदा मुद्दाम बसून वाचून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून सोडल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, बैलाला काठी लावायची नाही, चाबूक नाही, शॉक नाही, डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. बैलाची इतकी काळजी घेतलीय की वाचताना पुढच्या जन्माचा विचार मनात येतो. पण दाजींनी काय करू नये, यावर त्यात एक ओळ नाही. ती उणीव भरून काढायला हा पत्रप्रपंच.

तुमचं लग्न मे २०१४ चं. बंदीचा निकाल येऊन पंधरवडा-तीन आठवडे झाले असतील. साखरपुड्याला तुम्ही मान खाली घालून बसला होता आणि आई म्हणाली होती, "पोरगा लई शांत हाये." त्यानंतर साडेसात वर्षं शर्यतीचे घाट बंद राहिले. त्यामुळं आईचा गैरसमज दूर व्हायला वावच मिळाला नाही. तिनं गावभर सांगितलं की जावई मिळावा तर असा, तोंडातून शब्द काढत नाही.

मला मात्र लक्षणं पहिल्याच दिवाळीच्या तोंडाला दिसली. वाशी मार्केटातल्या गाळ्यामुळं तुमचं बिऱ्हाड नेरूळला. त्या वर्षी इंडियन सुपर लीग नव्यानं सुरू झालेली, आणि १८ ऑक्टोबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीविरुद्ध पुणे सिटी असा सामना लागला. तुम्ही प्रेमानं बोलावलंत. मी शिक्रापूरहून एसटीनं आलो, पुणेकर म्हणून, छाती काढून. शिरूर तालुक्यातल्या माणसाला पुणे शहरात कुणी पुणेकर म्हणत नाही; ते भाग्य नेरूळला गेल्यावरच लाभतं. तुम्ही मला नेऊन बसवलंत ते तुमच्या मित्रांच्या बरोबर मध्ये. सगळ्यांच्या अंगात आकाशी शर्ट, आणि मधोमध मी, लग्नात तुमच्याच घरून मिळालेल्या सफारीत.

मुंबईनं पाच गोल केले. पुण्यानं शून्य. आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझीलवाल्यानं त्यातले तीन मारले, आणि त्या स्पर्धेतली ती पहिली हॅटट्रिक ठरली. म्हणजे माझी फजिती इतिहासातही नोंदली गेली. तिसऱ्या गोलानंतर तुमच्या एका मित्रानं माझ्यापुढं शेंगदाण्याची पुडी धरली आणि म्हणाला, "खा पाव्हणं, अजून लई टाइम हाये." तेही मी खाल्ले. पण पाचव्या गोलाला तुम्ही ओरडला नाहीत, दाजी. सगळं स्टेडियम उभं असताना तुम्ही बसून राहिलात आणि माझ्या गुडघ्यावर हळूच हात ठेवलात. मयतीला ठेवतात तसा. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं.

नंतर बालेवाडीला मी परतफेड करायला बोलावलं, तर तुम्ही तोच आकाशी शर्ट घालून माझ्याच शेजारी येऊन बसलात आणि माझेच वडापाव खाल्लेत. घरच्या प्रेक्षकांनी काय करायला हवं होतं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढं सुचेपर्यंत २०१९ साल उजाडलं आणि पुणे सिटी हा संघच बंद पडला. स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादला गेली. पाहुण्याशी कसं वागावं हे शिकेपर्यंत यजमानच घर सोडून गेला.

तसं आपल्या जिल्ह्यात घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे ओळखणं कधीच सोपं नव्हतं. आमच्याकडं, ढमढेऱ्यांच्या तळेगावला, यायला निघालेले निम्मे पाहुणे तळेगाव दाभाड्याला पोचतात आणि तिथून फोन करून विचारतात, "वेळ नदी कुठंय?" त्याच दाभाड्याच्या बाजूला गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम. २०१६ आणि २०१७ साली आयपीएलमध्ये धोनी तिथं पुण्याचा होता. २०१८ साली कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत वातावरण तापलं, चेन्नईचे घरचे सामने उचलून गहुंजेला आणले आणि तोच धोनी तिथंच चेन्नईचा झाला. २० एप्रिलच्या सामन्याला चेन्नईहून खास रेल्वे भरून पिवळे शर्टवाले आले. मी होतो. सोमवतीला जेजुरी दिसते तसं सगळं स्टेडियम पिवळं. वॉटसननं १०६ मारले. पाहुणे घरच्यासारखे नाचत होते आणि आम्ही जिल्ह्याचे मालक पार्किंगचे पैसे भरून पाहुण्यासारखे बसलो होतो. माझ्या शेजारच्या तमिळ काकांनी मला एक शिट्टी दिली. ती आता तुमच्या धाकट्याकडं आहे आणि त्याबद्दल ताई मला रोज शिव्या देते.

युरोपात या गोष्टीचा निकाल केव्हाच लावलाय. तिकडच्या फुटबॉल महासंघाचा नियमच आहे की पाहुण्या संघाच्या लोकांसाठी स्टेडियममधल्या किमान ५ टक्के जागा राखायच्या, त्याही वेगळ्या भागात. हा नियम आपल्या यात्रेला लावून बघितला. खेड, शिरूर, आंबेगाव, जुन्नर या चार तालुक्यांत कुणाची बहीण कुठं दिलीय आणि कुणाची बायको कुठून आणलीय, याचा हिशोब मांडला, तर ५ टक्के कसले, निम्मा मांडव पाहुण्यांचा निघतो. उरलेला निम्मा दुसऱ्या गावच्या मांडवात पाहुणा असतो. मध्ये जाळी मारायची तर ती नवरा-बायकोच्या मधून न्यावी लागेल. कोल्हापूरकरांना ही वाटणी बरी जमते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी तालमींच्या नावांचीच फुटबॉल मंडळं, पेठ विचारली की माणूस कुणाचा ते कळलं.

वेगळं का बसवतात, तेही ठाऊक आहे मला. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक एकाच भागात दाटीवाटीनं बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, ती वर पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. तिथं माझी थट्टा चालत नाही. ती तुमच्या-माझ्यापुरती, मांडवातल्या दोन खुर्च्यांपुरती.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या यात्रेत काय झालं?

तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. फेटा मी स्वतः बांधला, आठ-दहा जण फेट्याला थांबले असताना आधी तुमचा. श्रीफळ दिलं. निवेदकाला चिठ्ठी पाठवून तुमचं नाव माइकवर घ्यायला लावलं. मग तुमच्या गावच्या गाड्याची बारी आली. खाली जुंपणी चाललेली, चार बैल, प्रत्येकाच्या शिंगाला दोघं-दोघं लोंबकळलेले, पुढं घोडी थयथयतेय. मी तुमच्याकडं बघत होतो. तुमचा उजवा गुडघा हलायला लागला होता. निशाण पडलं, माइकवरून "झाली... भिर्रर्रर्र!" झालं आणि माझ्या आईचा शांत जावई खुर्चीवर उभा राहिला. खुर्ची भाड्याची होती. गाडा निशाणापार गेला, घड्याळात अकरा सेकंद आणि वर काही पॉइंट पडले, आणि तुम्ही डोक्यावरचा फेटा, मी बांधलेला, काढून आभाळात फेकलात. तो उलगडत-उलगडत आमच्या चुलत्यांच्या अंगावर पडला. तेवढ्यात तुमच्या खिशातून भंडाऱ्याची पिशवी निघाली. दाजी, पिशवी खिशात होती! म्हणजे हे अचानक उसळलेलं प्रेम नव्हतं, घरून तयारी करून आला होता.

त्यातला अर्धा भंडारा माझ्या पांढऱ्या शर्टावर. आईनं घरी आल्यावर साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की असंच होतं, हे तिला चाळीस वर्षांच्या संसारानंतर माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तुमच्यावरचा राग तिनं माझ्या शर्टावर काढला, एवढाच मी अर्थ लावतो.

आणि ताई. ती बायकांच्या बाजूला उभी राहून ओरडली, "आपला गाडा! आपला गाडा!" आई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "आपला" म्हणजे नेमका कुणाचा, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

तेव्हा येत्या यात्रेसाठी काही गोष्टी सांगून ठेवतो. तुमच्या गाड्याची बारी असताना दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. आनंद अगदीच आवरेना, तर पाणी प्यावं. तांब्या शेजारी ठेवलेला असेल. सेकंद तोंडानं सांगू नयेत, घड्याळ आम्हालाही दिसतं. विचारलंच कुणी, तर "बरा पळाला" एवढंच. "घाटाचा राजा" हे शब्द जेवणं उरकेपर्यंत उच्चारू नयेत. मोबाइलचं स्टेटस शिक्रापूरचा चौक ओलांडल्यावर ठेवावं. आमचा गाडा मध्येच फुटून शेजारच्या रानात शिरला, तर "बैल नवे दिसतात" म्हणावं. गेल्या वेळी तुम्ही "बैल बरोबर वावरात गेले, शेतीचे आहेत" म्हणालात, ते आमच्या भावकीत अजून निस्तरतोय.

हरल्यावर मात्र तुम्हाला कसलंही बंधन नाही. हरलेल्या पाहुण्यासारखा गोड पाहुणा नाही. तुमच्या गाड्याला बावीस सेकंद लागू द्या, मग बघा आमचा पाहुणचार. मटणाच्या वाटीत नळी तुम्हालाच पडेल, बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येईल, आई स्वतः पंख्यानं वारा घालेल आणि आमची भावकी एकेक करून येऊन "खेळात हार-जीत चालायचीच" म्हणून जाईल. मीही तुमच्या गुडघ्यावर हात ठेवीन. दहा वर्षांपेक्षा जास्त झाली, त्याची वाट बघतोय.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, कारण टपरीवर कुणीतरी ती काढणारच. हा घाट तळेगावचा नाही. शेजारच्या गावचा आहे, म्हणजे माझ्या मामाचा. मांडवात मी मालक असल्यासारखा फिरतो, फेटे बांधतो, खुर्च्या देतो, पण कागदोपत्री मीही तिथं पाहुणाच. तरी "घाट आमचा" म्हणायची मला सवय लागलीय, आणि मामाच्या पोरांनी अजून हरकत घेतलेली नाही.

यात्रेची तारीख ताईला कळवली आहे. आदल्या रात्री मुक्कामाला या. भंडारा आणू नका, इथं मिळतो.

कळावे, लोभ आहेच, तो यात्रेनंतरही राहावा.

तुमचा मेव्हणा,
तळेगाव ढमढेरे

ता. क. वरच्यातलं काहीही धाकट्या भाच्याला लागू नाही. तो गेल्या वेळी माझ्या खांद्यावर बसून, माझेच कान धरून, तुमच्या गाड्यासाठी बोंबलत होता. मीही याच घाटात मामाच्या खांद्यावर बसून तळेगावच्या गाड्यासाठी असाच बोंबललोय. मामा कधी काही बोलला नाही, फक्त वर घ्यायच्या आधी चपला काढायला लावायचा. तेवढं त्याला सांगून ठेवा.