टाकीवरची बाई

पहाटे सव्वापाचला आमच्या सोसायटीच्या जिन्यात एक बाई बोलायला लागते. ‘ध्यान दीजिए, पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद कर दीजिए.’ मग दोन सेकंद कसलीशी धून, आणि पुन्हा ‘ध्यान दीजिए’. तुमच्याकडेही असेलच. साबणदाणीएवढा पांढरा डबा, वर टाकीत सोडलेल्या दोन वायरी. पाणी वायरींना टेकलं की बाईंना कंठ फुटतो, पाणी उतरलं की बाई गप्प. पाठीवर ‘मेड इन इंडिया’, किंमत दोन माणसांच्या मिसळीएवढी. इतकी प्रामाणिक वस्तू आमच्या इमारतीत दुसरी नाही.

अठ्ठावीस बिऱ्हाडं हा आवाज ऐकतात, कूस बदलतात आणि ‘वॉचमन बघेल’ म्हणून पांघरूण ओढून घेतात. वॉचमन त्या वेळी गेटवर दुधाच्या पिशव्या मोजत असतो. मोटरच्या खोलीला कुलूप असतं, कारण मागची मोटर चोरीला गेली होती. किल्ली वॉचमनच्या खिशात. पिशव्यांचा हिशेब जुळायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गच्चीवरचा ओव्हरफ्लोचा पाइप सात मजल्यांवरून पार्किंगमध्ये मोकळा सुटलेला असतो.

परवा छत्री घेऊन खाली गेलो आणि १५ लिटरची बादली त्या धारेखाली सरकवली. सहा सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १५० लिटर, वीस मिनिटांत ३,०००. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला, तर बावीस माणसांचं दिवसभराचं पाणी, आणि तेही कोणी दात घासायच्या आत. महिन्याला ९०,००० लिटर, म्हणजे १०,०००चे नऊ टँकर. एप्रिलात आम्ही विकत घेतले आठ.

तेव्हा कमिटीनं पाणीबचत मनावर घेतली. बोर्डावर नोटीस लागली: ‘प्रत्येक सभासदाने ३१ तारखेच्या आत आपल्या सदनिकेतील सर्व नळांना संपूर्ण देशी बनावटीची पाणीबचत जाळी बसवून घ्यावी. अन्यथा ५०० रु. दंड.’ जाळी म्हणजे एरेटर. नळाच्या तोंडाला आटे फिरवून बसवायचा, पाण्यात हवा मिसळतो, धार फुगीर दिसते आणि पाणी कमी येतं. वस्तूबद्दल तक्रार नाही. पितळ चक्क जामनगरचं, आटे व्यवस्थित, खोक्यावर तिरंगा. मिनिटाला १२ लिटर देणारा नळ ३ लिटरवर आला. वाहत्या नळाखाली हात धुणाऱ्यांसाठी उत्तम. पण आमच्याकडे आंघोळ बादलीनं होते, कणीक मापाच्या पाण्यानं भिजते आणि कुकर दोन भांडी पाण्यावर शिट्ट्या देतो. १५ लिटरची बादली १५ लिटरनंच भरते. आधी सव्वा मिनिटात भरायची, आता पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं बादलीकडे टक लावून कोण उभं राहणार? माणूस नळ सोडून फोडणीकडे वळतो, फोडणीत मोहरी तडतडते, आणि बाथरूममधली बादली भरून वाहायला लागते. बादलीला बोलणारी बाई नसते. आमच्याकडच्या मावशींनी तर पहिल्याच दिवशी दोन बोटांनी पिळून जाळी काढली आणि साबणाच्या वडीशेजारी ठेवली. त्यांना अकराच्या आत चार घरं करायची असतात. तपासणीसाठी कमिटीचे दोन सभासद यायचे असले की मी ती परत बसवतो. टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी तिची निम्मी भोकं बुजलीत, म्हणून आता लिंबू पिळून भिजत ठेवतो. सहा महिन्यांपूर्वी मला लिंबाचा असा काही उपयोग सांगितला असता तर मी हसलो असतो.

जाळ्या बसल्या, तरी बाई बोलतच राहिली. तेव्हा कुणीतरी मूलभूत प्रश्न काढला: ती हिंदीत का बोलते?

इथून पुढचं सगळं तीन बैठकांच्या इतिवृत्तात आहे. पहिल्या बैठकीत ठरलं की सोसायटी महाराष्ट्रात आहे, टाकी महाराष्ट्रात आहे, सबब टाकी भरल्याची वार्ता मराठीत मिळावी. दुसरीत मजकुरावर चर्चा झाली. ‘टाकी भरली आहे’ म्हणावं की ‘टाकी भरलेली आहे’? तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी दोन्हींतला फरक अर्धा तास समजावून सांगितला आणि ‘मोटर’ हा शब्दच मराठी नसल्याकडे लक्ष वेधलं. ‘विद्युतचलित्र बंद करावे’ हा मजकूर एका मतानं पडला. ‘कृपया’वरून वाद पेटला. एक बाजू म्हणाली, वॉचमनला कृपया कशाला, तो पगार घेतो. दुसरी बाजू म्हणाली, बाई सगळ्यांशीच बोलते, आपल्याशीही, तेव्हा सभ्यता हवी. तिसऱ्या बैठकीत आवाज कुणाचा यावर सेक्रेटरींच्या सूनबाई आणि खजिनदारांच्या सौभाग्यवती यांच्यात लढत झाली. दोघींनी बोलून दाखवलं. सूनबाईंचं ‘टाकी’ स्वच्छ होतं, सौभाग्यवतींचं ‘कृपया’ हृदयाला हात घालणारं. शेवटी अर्धं अर्धं ठरलं. मोटर बंद कोण करणार, हा विषय तिन्ही इतिवृत्तांत नाही. मी काढला, तर ‘आयत्या वेळच्या विषयांत घेऊ’ म्हणाले, आणि आयती वेळ आली तेव्हा चहा आला.

मी म्हटलं, फ्लोट स्विच लावा. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळतो. वायरीला लोंबणारा प्लास्टिकचा डबा. पाण्याबरोबर वर येतो, कलंडतो, मोटर बंद. हजार रुपयांच्या आत काम. तोही देशीच हो! वर शपथपत्र करून देतो. ‘ऑटोमॅटिकचा भरवसा नाही,’ चेअरमन म्हणाले. ‘आणि मग वॉचमननं करायचं काय?’ हे वाक्य ऐकल्यापासून माझं डोकं जागेवर नाही. वरसगाव, पानशेत, टेमघरचा पाऊस खडकवासल्यात येतो. पर्वतीला शुद्ध होतो. मैलोगणती पाइपांतून आमच्या खालच्या टाकीत पडतो. तिथून विजेचं बिल भरून आम्ही त्याला सात मजले वर चढवतो. आणि वर पोचल्याबरोबर वरून खाली टाकतो! या खुळेपणाला देशी-विदेशी काही नाही, हा निव्वळ खुळेपणा आहे. वर ज्यांची रोज पहाटे ३,००० लिटरची ओंजळ गटारात जाते, तेच मला खरकट्या वाटीवर पाणी किती वाया गेलं ते सांगायला घरात येतात, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून! मी हे असंच, जरा वरच्या पट्टीत बोललो. तर एक सभासद शांतपणे म्हणाले, ‘अहो, गटारातून मुठेला जातं, मुठेतून भीमेला, भीमेतून उजनीला. सोलापूरला मिळतंच ना शेवटी.’ बाकीच्यांनी मान डोलावली. सोलापूरच्या वतीनं मी खाली बसलो.

कंपाउंडच्या भिंतीवर मागे रंगारी बोलावून ‘पाणी जपून वापरा’ लिहून घेतलं होतं. ओव्हरफ्लोची धार नेमकी तिथंच आपटते. मधला शब्द धुऊन गेलाय. आता भिंतीवर फक्त ‘पाणी वापरा’ आहे, आणि रंगाऱ्याचे पैसे अजून द्यायचेत.

गेल्या रविवारी मराठी बाईंचं लोकार्पण झालं. पार्किंगमध्ये मांडव, सतरंजी, डब्याला हळदकुंकू. आवाज सगळ्यांना ऐकता यावा म्हणून मोटर मुद्दाम अकरा वाजता सुरू केली. साडेअकराला ‘टाकी भरली आहे’ असा शब्द वरून आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागोमाग ‘कृपया’. सौभाग्यवतींनी डोळे टिपले. मग वरून पाणी आलं. मांडवाच्या कापडानं आधी पोट धरलं, मग ते फाटलं. चेअरमन ‘वॉचमन! वॉचमन!’ ओरडत होते. वॉचमन त्यांच्या शेजारीच उभा होता, कोपरापासून दोन्ही हात अडकलेले, चार किलो पेढ्यांचं ताट धरून. किल्ली त्याच्या खिशात होती आणि ताट कुणी धरायला तयार नव्हतं, कारण सगळ्यांच्या हातात मोबाइल होते, चित्रण चालू होतं.

पेढे जरा ओले झाले, पण साखर बेताची होती. मी दोन घेतले.