उघडून बघूया की!

बेळगावजवळच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत कुठलीही वस्तू फार काळ नुसती बंद पडून राहू शकत नाही. मामांच्या कानावर गेलं की ती उघडी पडते. मिक्सर, इस्त्री, देव्हाऱ्यातली विजेची समई, शेजाऱ्यांच्या दाराचं कुलूप, आणि एकदा तर एका आजोबांचं कानातलं मशीन. तेही आजोबांच्या कानात असताना. "उघडून बघूया की" हे वाक्य मामा इतक्या सहज म्हणतात, जसं कुणी "चहा घेऊया की" म्हणावं. वस्तू दुरुस्त होणं हा पुढचा, काहीसा गौण भाग.

मामा आयुष्यभर उद्यमबागेत लेथवर उभे होते. फाउंड्र्या, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिक पंप यांच्यावर पोसलेला बेळगावचा हा भाग. तिथं मायक्रॉनच्या हिशेबात काम केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर भाजी निवडायला बसवलं तर तो गवारीच्या शेंगेलाही टॉलरन्स लावणार. मामींनी एकदाच बसवलं. आता त्या म्हणतात, "मी सांगून सांगून दमलो. मशिनी उघडा म्हटलं, खरं भाजीला हात लावू नका." म्हणजे मामांना घरातून जो परवाना मिळाला तो असा.

या जातीची माणसं सगळ्या देशात असतील, पण सीमाभागात त्यांचं पीक जरा जास्त येतं असं माझं मत आहे. आमच्या शहापुराचंच घ्या. बेळगाव इंग्रजांचं होतं तेव्हा शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं. तिकडे निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि गाव कर्नाटकात. पोरगं तासाला बसलं की परराज्यात गेलं, आणि जेवायला घरी आलं की स्वराज्यात. पूर्वी तर कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापुरात फोन उचलला की रोमिंगचे पैसे जायचे. दोन सरकारांच्या मधे राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते: ज्या खिडकीशी आपण उभे आहोत, आपलं काम नेहमी तिच्या शेजारच्या खिडकीत असतं. मग तो खिडकीशी जातच नाही. पाना घेतो.

मामांना कस्टमर केअरचा फोन लावून दिला तर पहिल्यांदा कन्नडसाठी एक दाबा, मग इंग्रजी, मग हिंदी. मामांना कन्नड फर्डं येतं. एक दाबून ते पलीकडच्या बाईंना "नोडरी" म्हणून जे सुरू करतात ते बाईच शेवटी "साकु, साकु" म्हणेपर्यंत थांबत नाहीत. तिनं मॉडेल नंबर विचारलेला असतो. यांनी तिला फोनच्या स्क्रूला चांदणीसारखी खाच ठेवणाऱ्या कंपनीच्या मालकाचं कूळ विचारलेलं असतं. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात होते आणि त्यांच्या लेखातले रावसाहेब याच गावचे. इथं माया आणि शिव्या एकाच तोटीतून येतात, हे त्यामुळे महाराष्ट्राला आधीच ठाऊक आहे.

तर अशा या मामांकडे एक भाचा निपाणीहून आला. खिशात फोन, आणि फोनचा मागचा कॅमेरा थंडी वाजल्यासारखा थरथरतोय. समोरची भिंत स्थिर, पडद्यावरची भिंत नाचतेय, आणि कानाशी धरलं तर आतून बारीक खर्रखर्र. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काय आकडा सांगितला ते भाच्यानं मामांच्या कानात सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प बसले. मामींनी पाणी आणून दिलं.

"गाडी कुठली?" मामांनी विचारलं.

कॅमेऱ्याचं दुखणं सांगितलं तर गाडी विचारणारा हा जगातला एकमेव डॉक्टर असावा. पण भाच्याची बुलेट होती, आणि फोन हँडलवरच्या क्लिपमध्ये अडकवून तो तवंदी घाटानं रोज ये-जा करत होता. नकाशा बघायला. ज्या रस्त्यावर जन्म गेला त्या रस्त्याचा नकाशा.

"तिथंच मेला बघ लेका," मामा म्हणाले.

मला ही थाप वाटली होती, पण मामा बरोबर होते. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात भिंग पक्कं बसवलेलं नसतं. ते अगदी बारीक चुंबक आणि वेटोळ्यांच्या जोरावर तरंगत ठेवलेलं असतं. हात हलला की फोनमधला जायरोस्कोप ते ओळखतो आणि भिंग उलट्या बाजूला सरकवतो, म्हणून फोटो हलत नाही. इंजिनाची जोरकस थरथर सतत अंगावर घेऊन हीच यंत्रणा बिघडते. ॲपलनं तर 2021 साली तशी लेखी सूचनाच काढली की जास्त ताकदीच्या मोटारसायकलवर आयफोन बांधू नका. स्कूटर-मोपेडला बांधायचाच असेल तर हादरे शोषणारी क्लिप वापरा. मामांनी ही सूचना वाचलेली नव्हती. पण ज्यानं जन्मभर क्रँकशाफ्टशी संसार केला त्याला थरथर काय करते हे ॲपलनं सांगायला नको होतं.

नवा कॅमेरा भाच्यानं कोल्हापूरहून आणला. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, हाही सीमेचाच एक प्रकार. शस्त्रक्रियेसाठी मामांनी तारीख निवडली 1 नोव्हेंबर. त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यानं मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. सुट्टीमुळे काही दुकानं बंद, निषेधामुळे उरलेली. "आज कोण 'त्यापेक्षा दुकानात द्या की' असं म्हणणार न्हाई," मामा म्हणाले. मामींनी नुसतं वर बघितलं.

आता मामांची पद्धत सांगतो, कारण ती खरोखर बघण्यासारखी आहे. टेबलावर भिंतीवरचं कॅलेंडर आडवं पसरायचं. फोन बंद, सिमचा ट्रे बाहेर. सूनबाईंच्या हेअर ड्रायरनं मागच्या पॅनलच्या कडा हळूहळू तापवायच्या, म्हणजे गोंद मऊ पडतो. मग जुनं एटीएम कार्ड कडेला सारून एकेक बाजू सोडवत न्यायची. लोखंडी काही वापरायचं नाही, कारण बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेते. हे सांगताना मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पॅनल निघालं की स्क्रू. पहिला निघाला तो कॅलेंडरच्या 1 तारखेच्या चौकोनात ठेवायचा, दुसरा 2 तारखेच्या. बसवताना महिना उलटा मोजत यायचं. फोनमधले स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी वेगळी. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि फोन कायमचा शांत होतो. एवढी साधी, एवढी पक्की व्यवस्था मी कुठल्या सरकारी कचेरीत बघितलेली नाही.

मग आधी बॅटरीची पट्टी सोडवली. नंतर कॅमेऱ्याची. ही पट्टी बोटाच्या नखाएवढी, तिच्या टोकाला बटणासारखा कनेक्टर. तिला मामांनी ज्या हातानं उचललं तो हात आयुष्यभर बिडाचे ओतीव तुकडे उचलत आलाय, हे खरं वाटलं नसतं. जुना कॅमेरा बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेला तपकिरी धूळ होती. मामांनी वास घेतला.

"जर्दा."

भाचा निपाणीचा, त्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि फोन शेजारी शेजारी नांदत होते. निपाणीच्या तंबाखूनं मोठमोठी माणसं रस्त्यावर आणली. 1981 च्या शेतकरी आंदोलनात शरद जोशींच्या हाकेवर हजारो लोक महामार्गावर बसले होते. त्या तंबाखूनं कव्हरच्या फटीतून एका फोनमध्ये शिरावं यात आश्चर्य नाही. मामींनी मात्र एवढं ऐकून भाच्याच्या आईला फोन लावला, आणि पुढचा अर्धा तास दुरुस्ती दोन ठिकाणी चालू राहिली.

नवा कॅमेरा जागेवर बसला. भिंगाला बोट न लावता, कनेक्टर अंगठ्यानं अलगद दाबून, बारीक टक ऐकू येईपर्यंत. गोंद लावण्याआधी फोन सुरू करून बघायचा हा मामांचा नियम. भिंत स्थिर. भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीवरची पालसुद्धा स्वच्छ दिसत होती. गल्ली गोळा झालीच होती. कुणी तरी म्हणालं, "मामा, तुमचा एक काढूया." मामांनी हात हलवला. त्यांना फोटोत काडीचा रस नाही. ते बी-7000 गोंदाची ट्यूब शोधत होते.

फोन बंद झाला, पॅनल चिकटलं, रबरबँड लागले. कॅलेंडरवर 14 तारखेला एक स्क्रू उरला होता. मामांनी तो शांतपणे शर्टाच्या खिशात टाकला. "कंपनी एक जास्तच घालतीय."

भाच्यानं फोन उघडायला मागे अंगठा लावला. उघडेना. पुन्हा लावला. पॅनल सोडवताना अंगठ्याच्या सेन्सरची पट्टी फाटली होती. अशा फोनमध्ये ती पॅनललाच चिकटलेली असते आणि घाई केली की जातेच. आता दरवेळी आकडे टाकावे लागणार. भाच्याचा चेहरा बघून मामा म्हणाले,

"अंगठा कुणी लावायचा असतोय? अडाणी माणसानं. तू देवचंद कॉलेजला गेलायस न्हवं?"

मामांसारख्यांच्या बाजूनं आता दिल्लीही आहे, निदान कागदावर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केलं. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मराठीत हाय काय?" आणि उत्तराची वाट न बघता शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनकडे वळले.

माझ्या मते मामा ऐंशी टक्के बरोबर असतात आणि उरलेले वीस टक्के तुमच्या फोनमध्ये होतात. म्हणून शहापुराकडे निघण्यापूर्वी एवढं करा. कॅमेरा धूसर दिसतोय तर आधी कव्हर काढून बाहेरची काच मऊ फडक्यानं पुसा, कारण पुष्कळदा कॅमेरा ठणठणीत असतो आणि ओरखडे त्या काचेवर असतात. ती काच वेगळी, स्वस्तात मिळते. फोन बंद करून पुन्हा सुरू करा, दुसऱ्या ॲपमधून कॅमेरा उघडून बघा. वॉरंटी असेल तर मुकाट्यानं सर्व्हिस सेंटरला द्या. फोन पाण्यात टिकणारा असेल तर एकदा उघडल्यावर तो पूर्वीसारखा टिकेल असं धरू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर घरी कुणालाही, मामांनासुद्धा, हात लावू देऊ नका. आणि हे सगळं करून मामांकडे गेलातच, तर फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, अंगठ्यावर विसंबू नका, आणि कानात मशीन असेल तर ते घरी ठेवून या.