मूळचे कुठले जी?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात पाहुण्याला आधी पाणी विचारतात आणि मग आडनाव. पाणी पिऊन होईलच याची खात्री नाही, कारण तेवढ्यात गुरुजी येऊन बसतात. त्यांचं नाव सांगत नाही, कारण हा गृहस्थ एकटा नाही. मोहगावला एक सापडतो, लोधीखेड्याला एक, आणि पांढुर्ण्यात दोघे आहेत, त्यांचं आपसात बोलणं बंद आहे. शाळेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं, काखेत खाकी कव्हर घातलेली वही. वहीत साऱ्या मुलखाची आडनावं. तुम्ही आपलं आडनाव सांगितलंत की गुरुजी डोळे मिटतात. "मूळचे कुठले जी?" असं विचारतात, पण उत्तराची वाट पाहत नाहीत.

त्यांचा सिद्धांत एकच: कोणतंही आडनाव इथलं नाही. "इथं फक्त संत्री होतात. माणसं सारी बाहेरून आली." संत्रीही बाहेरूनच आली, पण ते त्यांना सांगायचं कुणी? भोयर पवारांना ते धारानगरीहून आणतात. त्यात फारसे श्रम नाहीत, कारण पवार स्वतःच तसं सांगतात आणि रसेल-हिरालाल यांच्या 1916 च्या जातीजमातींवरच्या ग्रंथातही ती परंपरा नोंदलेली आहे. एखाद्या देशमुखाला थेट चितोडला पोचवतात, वाटेत चहासुद्धा घेऊ देत नाहीत. फक्त उईके, धुर्वे समोर आले की वही मिटते. गोंडांना आपलं कूळ, आपल्या देवांची संख्या आणि कुणाशी सोयरीक चालत नाही ते तोंडपाठ असतं, त्यांना गुरुजी लागत नाहीत. असं माणूस भेटलं की गुरुजी हवापाण्याचं बोलतात.

गोटमारीचं त्यांना वेगळंच दुःख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. पांढुर्ण्याचा पोरगा आणि सावरगावची पोरगी पळून निघाले, नदीतच सापडले, अशी कथा सांगतात. लोक जखमींची काळजी करतात; गुरुजी म्हणतात, "एवढी शेकडो वर्षं दगड खाल्ले, पण पोराचं आडनाव कोणी विचारलं नाही!"

पण गुरुजींचा खरा प्रांत ठाकरे. हे आडनाव विदर्भात आणि आमच्याकडे पुष्कळ. भोपाळचा बसस्टँड ज्यांच्या नावाचा आहे ते कुशाभाऊ ठाकरेही धारचे. त्यामुळे गुरुजींच्या वहीत ठाकऱ्यांना सहा पानं आहेत. परवा सौंसरच्या एका ठाकऱ्यांच्या नातवाने, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो तो, लग्नपत्रिकेवर इंग्रजीत आपलं आडनाव मुंबईच्या ठाकऱ्यांसारखं छापलं: टी-एच-ए-सी-के-ई-आर-ए-वाय. बापाचं आधारवर सहा अक्षरांचं, पोराचं नऊ. आजोबा म्हणाले, पत्रिकेचा भाव अक्षरावर असतो का रे? गुरुजी मात्र खुलले. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की इंग्लंडातले थॅकरे हे आपलेच, नागपूरकर भोसल्यांच्या काळात तिकडे गेलेले.

मी म्हटलं, गुरुजी, उलटं आहे. विल्यम मेकपीस थॅकरे नावाचा इंग्रज कादंबरीकार होता, 'व्हॅनिटी फेअर' लिहिणारा. जन्म कलकत्त्याचा, 1811 चा, बाप कंपनी सरकारच्या नोकरीत. मुंबईच्या ठाकऱ्यांपैकी प्रबोधनकारांना तो आवडे, म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं सांगतात. आणि त्या इंग्रजाच्या आडनावात राजा नाही, गड नाही. इंग्रजांचीही आडनावं साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात पक्की होत गेली. लोहाराचा स्मिथ झाला, भटाऱ्याचा बेकर, जॉनच्या पोराचा जॉन्सन, आणि उरलेल्यांना गावाचं नाव चिकटलं. यॉर्कशरमध्ये थॅक्रे नावाची एक वाडी होती. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ छपराचं गवत मिळतो तो कोपरा. तिथून निघालेला माणूस जिथे जाईल तिथे थॅकरे.

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "छपराचं गवत म्हनता? मंग शेतकरीच ना? शेतकरी म्हंजे कुणबी. म्हंजे ठाकरे कुणबीच निंगाले!"

ती वाडी आता फ्यूस्टनच्या धरणाखाली गेली, असं मी सांगितलं. वाटलं, आता तरी थांबतील. पण तोतलाडोहच्या मुलखातल्या माणसाला धरणाने धक्का बसत नाही.

"बुडाली? मंग मोबदल्याची यादी असन! यादीत आडनावं असतीन! थे मागवा!"

खरी गंमत पुढे आहे आणि ती गुरुजींना कधीच पचली नाही. प्रबोधनकारांचे पूर्वज धोडपकर होते, नाशिककडच्या धोडप किल्ल्यावरून. मग पनवेलला आले आणि वडील पनवेलकर झाले. आणि पोराला शाळेत घालताना वडिलांनी आडनाव लिहिलं ठाकरे, घराण्यातलं त्याहूनही जुनं म्हणून. तीन पिढ्यांत तीन आडनावं, आणि शेवटचं शाळेच्या दाखल्यावर ठरलं. "असं चालत नाही," गुरुजी म्हणाले. "आडनाव रक्तात असते."

रक्ताचं माहीत नाही, पण आमच्याकडे ते अर्जावर असतं. 1956 साली राज्यं फिरली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. 2023 ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी कारकुनाची भाषा तीच राहिली. एका कचेरीत कुणी ठाकरे सांगितलं की समोरचा सवयीने ठाकुर लिहितो. मग एकाच घरात सरकारी समग्र आयडीवर बाप ठाकुर, आई ठाकरे, लेक ठाकरें, अनुस्वारासकट. दुरुस्तीला तीन चकरा. गुरुजींनी या कुटुंबाची वहीत नोंद केली आहे: 'ठाकऱ्यांची राजपूत शाखा, उत्तरेकडून आगमन.' आगमन खिडकी क्रमांक दोनवरून झालं होतं.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मग त्यांच्या जुन्या शाळेत कामानिमित्त गेलो आणि तिथल्या बाबूने दाखल-खारज रजिस्टर काढून दाखवलं. खेड्यातला बाप पोराचा हात धरून उभा राहायचा. आडनाव काय, असं विचारलं की कुणी गावाचं नाव सांगे, कुणी धंदा, कुणी आजोबाचं टोपणनाव. एकाने घाबरून नुसतंच "हो जी" म्हटलं होतं, त्याच्या पोराला शेजारच्या ओळीतलं आडनाव मिळालं. पानंच्या पानं अशी. ज्यांची मुळं गुरुजी आज धार आणि चितोडात शोधतात, त्यातली कितीतरी आडनावं त्या रजिस्टरात पहिल्यांदा लिहिली गेली. अक्षर गोल, सुबक, निळ्या शाईतलं. गुरुजींचं.

त्यांना हे सांगितलं तर ते रजिस्टरच बनावट ठरवतील. तेव्हा विनंती तुम्हालाच: पोराला शाळेत घालायला जाल तेव्हा आडनाव तोंडी सांगू नका, घरून कागदावर लिहून न्या.