काटेवाले साहेब

पावसाळा लागला की चंद्रपूरच्या गोल बाजारात, मूलच्या आठवडी बाजारात, नाहीतर थेट गडचिरोलीत हे गृहस्थ हमखास दिसतात. खिशाला पेन, पिशवीत सेलवरचा काटा. अख्खी नोकरी औष्णिक वीज केंद्रात कोळशाचे टन मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर स्वयंपाकघर त्यांच्याकडे आलं, म्हणजे त्यांनीच घेतलं. तिथे टन येत नाहीत, तरोट्याची रानभाजी येते.

कोवळा तरोटा वाट्यानं मिळतो. पोत्यावर हिरवे ढीग मांडलेले. एक ढीग, एक वाटा. वर मूठभर जास्तीची टाकायची ती विकणारीच्या मर्जीनं. साहेबांना मर्जी चालत नाही.

"एका वाट्यात ग्रॅम किती?"

"तोलून कायले नेता जी? खानारे किती हायेत थे सांगा."

साहेब खाणारे सांगत नाहीत. वाटा काट्यावर ठेवतात, आकडा टिपतात, मग उचलून झटकतात. मारलेलं पाणी किती, भाजी किती, हे कळायला नको? शिंतोडे शेजारच्या वास्त्यांवर, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांवर. पुन्हा काटा. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. धोप्याची, म्हणजे अळूची, पानं विकणारी पदर तोंडाला लावून हसते. तिची पानं नगावर मिळतात, पण साहेब लहानमोठी पानं एकाच भावात घ्यायला तयार नाहीत.

घरी फ्रिजवर तक्ता. पाककृतीतला कप म्हणजे साधारण 240 मिलिलिटर. कच्चा पालक त्यात सैल भरला तर 30 ग्रॅम, शिजवलेला 180. आकडे बरोबर आहेत; आकड्यांत साहेब चुकत नाहीत. पण कप दाबून भरायचा की सैल? देठं धरायची की नाही? सकाळची ताजी जुडी की दुपारची मान टाकलेली? प्रत्येक शंकेला नवा रकाना. साहेबांच्या पुस्तकांत तरोटा कुठेच नाही, म्हणून ती ओळ ते स्वतःच भरत बसलेत.

या मुलखात धान पायली-कुडवानं मोजलं, पण पालेभाजीला कुणी पायली लावल्याचं मी तरी पाहिलं नाही. धान मापात बसतं. भाजीत दहातले नऊ भाग पाणी. ती कढईत चढली की बसते. 1958 पासून शेर जाऊन किलो आला, तेव्हाही वाट्याला काही बदलावं लागलं नसणार.

साहेबांच्या घरच्या बाईंचं, त्यांच्या पत्नीचं, माप म्हणजे कढई. भाजी इतकी रचायची की झाकण वर तरंगलं पाहिजे. वाफ धरली की झाकण हळूहळू खाली येतं, काठाला टेकतं, मग मीठ. साहेबांनी एकदा कच्च्या ढिगाला कपामागे हिशेबानं मीठ घातलं. अंबाडी होती, आटून खारट झाली. त्या दिवशी घरात कण्या दह्याशी खाल्ल्या गेल्या. तक्त्यात मात्र 'मीठ : आटल्यावर' असा रकाना वाढला.

परवा अमेरिकेतल्या लेकीचा फोन आला. चौघांना पालक किती लागेल? साहेबांनी चष्मा लावला, तक्ता काढला, पिशवीतला पालक धुतलेला आहे का, असं विचारलं. तेवढ्यात मागून बाई ओरडल्या, "पुरेल वाटते तेवढा घे, न् मंग तेवढाच अजून घे वो!"

साहेबांनी ते लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात टाकायचं यावर अजून विचार चालू आहे.