एकेका ओळीत एकदाच

कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सकाळी फिरायला जाणाऱ्याने एक पथ्य पाळावं. पाट्या खुशाल वाचाव्यात, पण अर्थ विचारू नये. ज्वारी सगळी सारखीच उभी असते, आणि तिच्यात दर चार पावलांवर पत्र्याची छोटीशी पाटी: टी 4 आर 2. पुढे टी 1 आर 2. मग एकदम टी 6. क्रम कशाचा कशाला नाही. प्लॉटमधल्या पाच ताटांना रंगीत लेबलं बांधलेली. उंची त्यांची मोजायची, पानं त्यांची मोजायची, कणसातले दाणेही त्यांचेच. बाकीची ज्वारी नुसती गर्दीला. कडेच्या ओळींना तर हिशेबातच घेत नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि त्या उगीच तरारतात. रस्त्याने जाणारा नेमकी तीच कडेची ओळ बघतो आणि म्हणतो, "वा, काय पीक आलंय!"

ही पाट्यांची उलथापालथ कुणाच्या आळसातून आलेली नाही, जमिनीच्या लबाडीतून आली आहे. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला गाळ, मधेच कुठे जुन्या उकिरड्याची जागा. हे शेतकऱ्याला पाठ असतं. गाळाच्या अंगाला लावलेला वाण जोरात आला म्हणून तो वाण चांगला, असं तो कधीच म्हणणार नाही. शास्त्रज्ञाला मात्र ते म्हणून चालत नाही हे कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि त्यात बरीच वर्षं जातात.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे 1843 पासून गव्हाच्या एकाच शेतावर प्रयोग चालू आहे. कुठल्या पट्ट्याला शेणखत, कुठल्याला रासायनिक खत आणि एका पट्ट्याला काहीच नाही. त्या बिचाऱ्या पट्ट्याचा उपास अजून सुटलेला नाही. पाऊणशे वर्षांचे आकडे साठल्यावर, ते उलगडायला 1919 मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती तिथे आला. जुने आकडे त्याने उलगडलेच, पण पुढे जाऊन आकडे गोळा कसे करायचे तेही सांगितलं. पाच वाण असतील तर शेताचे पाच ओळी आणि पाच रांगा असे पंचवीस तुकडे करा, आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच, प्रत्येक उभ्या रांगेत एकदाच येईल असा लावा. मग गाळ कुठल्याही अंगाला असो, त्याचा फायदा सगळ्यांना सारखाच मिळतो. याला लॅटिन चौरस म्हणतात. रोज सकाळी पेपरातलं सुडोकू सोडवणारे सेवानिवृत्त लोक वर आणखी एक अट घालून हेच करत असतात. फक्त त्यांना त्याबद्दल कुणी पीएच.डी. देत नाही.

याच रॉथमस्टेडमध्ये चहाची ती प्रसिद्ध गोष्ट घडली. म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी फिशरने पुढे केलेला कप नाकारला. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं, म्हणाल्या. मग आठ कपांची परीक्षा ठरली, चार असे, चार तसे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. त्यावरून फिशरने 1935 च्या पुस्तकात प्रयोग कसा आखावा याचा अख्खा पाठ घातला. आपल्याकडे चहा, दूध, साखर आणि आलं एकाच पातेल्यात उकळतं. संख्याशास्त्राचा हा अध्याय महाराष्ट्रात जन्माला येणं शक्यच नव्हतं.

तरी मराठी माणूस मागे राहिला असं मात्र नाही. आपल्या कुठल्याही कृषी विद्यापीठातला कुठलाही प्रबंध उघडा, साहित्य आणि पद्धती या प्रकरणाच्या शेवटी 'पानसे आणि सुखात्मे' असतातच. विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 मध्ये निघालं, आणि तेव्हापासून विषय भुईमुगाचा असो की भेंडीचा, त्यांना नमस्कार केल्याशिवाय पान उलटत नाही. 'पानसे सुखात्मे' हे एकाच गृहस्थाचं नाव आणि आडनाव आहे, असं समजूनच बरेच जण पदवी घेऊन बाहेर पडत असावेत.

हा लॅटिन चौरस काही फिशरचा मूळचा नव्हे. त्याच्या दीडशे वर्षं आधी, दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलर या गणितज्ञाने एक निरुद्योगी कोडं घातलं होतं. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौकटीत असं उभं करा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत प्रत्येक पलटण एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर बसवायचे. ऑयलरला ते जमेना. मोठी माणसं अशा वेळी भाकीत करतात, तसं 1782 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने केलं. सहाला हे जमत नाही, दहाला नाही, चौदाला नाही, अठरालाही नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता हे 1901 मध्ये गास्तों तारीने एकेक शक्यता तपासून दाखवलं. मग बाकीचंही बरोबरच असणार, असं धरून सगळे स्वस्थ बसले.

स्वस्थ बसले नाहीत ते राजचंद्र बोस आणि नागपुरात शिकलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. दोघांचाही व्यवहार शेतातल्या प्रयोगांसाठी लागणाऱ्या रचनांशी, म्हणजे फिशरच्या पंथातला. 1959 मध्ये त्यांनी बावीसचा जोडचौरस काढून दाखवला, अर्नेस्ट पार्करने दहाचा काढला, आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर ही रचना सगळीकडे जमते. पावणेदोनशे वर्षांचं भाकीत कोसळलं आणि बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. तोफा, निवडणुका, अपघात यांच्या शेजारी चौरस! श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, 102 वर्षं जगले आणि 2020 मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्याकडे किती घरांत माहीत असेल, हे मोजायला मात्र कुठल्याच रचनेची गरज नाही.

आता हाच चौरस प्रयोगशाळेत कसा शिरला ते पाहा. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सी. आर. राव यांनी 1940 च्या दशकात या रचनांना आणखी व्यापक रूप दिलं. 1954 च्या सुमाराला तिथे गेनिची तागुची नावाचे जपानी पाहुणे येऊन राहिले. पुढे जपानी कारखान्यांतून तागुचींच्या नावाने जे कोष्टक जगभर गेलं त्यात चार गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पातळ्या, आणि प्रयोग 81 ऐवजी फक्त नऊ. त्या नऊ ओळी उलगडून बघितल्या तर आत कोण सापडतं? एकमेकांवर बसवलेले तीन बाय तीनचे दोन लॅटिन चौरस. ऑयलरचे अधिकारी, गणवेश उतरवून.

पदार्थविज्ञानाच्या विभागात आज पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाच्या सौरपट्ट्या करणारा विद्यार्थी बसलेला असतो. बोटभर काचेवर द्रावणाचा थेंब टाकायचा, काच गरागरा फिरवायची, मग तापवायची. द्रावण किती घट्ट, फिरकी किती जोरात, तापमान किती, वेळ किती, झाल्या चार गोष्टी. जमलं तर काचेवर तपकिरी-काळा आरसा उमटतो. 2009 मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने केलेल्या पहिल्या पट्टीने उन्हातली 3.8 टक्के ऊर्जा विजेत बदलली होती. पंधरा वर्षांच्या आत हा आकडा 25 च्या पुढे गेला. फक्त या पदार्थाला दमट हवा सोसत नाही. ओल लागली की काळा थर पिवळा पडतो आणि आत नुसतं लेड आयोडाइड उरतं. जूनमध्ये सिनॉप्सिस मंजूर झालेल्या विद्यार्थ्याचा चेहराही ऑगस्टपर्यंत साधारण त्याच रंगाचा होतो. मग तो नऊ ओळींचं कोष्टक भिंतीला चिकटवतो आणि पुन्हा काचा धुवायला घेतो. पलीकडच्या इमारतीत टी 4 आर 2 लिहिणारा त्याचा सख्खा गुरुबंधू आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गणित विभाग दोघांच्या मधे आहे, पण तिथे फक्त विद्युतदुरुस्तीवाला जातो.

हे दोघे गुरुबंधू एका शेतात आले ते सौरशेतीमुळे. 1981 च्या सुमाराला जर्मनीतल्या आडोल्फ गोएट्सबर्गर यांनी सुचवलं की सौरपट्ट्या दोन मीटर उंच उचला आणि खाली बटाटे लावा. आपल्याकडचा शेतकरी जन्मभर बांधावरच्या बाभळीचा वसवा पडतो म्हणून फांद्या छाटत आला. शास्त्रज्ञ आता पैसे खर्चून सावली उभी करतो आणि तिच्याखाली हळद येते का पालक येतो ते बघतो. ही सावली उन्हाबरोबर सरकते. पावसाचं पाणी पट्टीच्या एकाच कडेने गळतं आणि खालच्या एकाच ओळीला भिजवतं. म्हणजे जमिनीची जुनी लबाडी होतीच, तिच्यात आकाशाची भर पडली. उपाय तोच जुना. तुकडे पाडा आणि एकेका ओळीत एकदाच.

या रचनेत सहाचा जोडचौरस आजही बसत नाही. त्यामुळे सहा वाण आणि सहा सावल्या घेऊन एखादा विद्यार्थी आलाच, तर गाईडला त्याला सातवी ट्रीटमेंट घ्यायला सांगावं लागेल. सातवी म्हणून बहुधा 'कंट्रोल' निघेल, म्हणजे काहीच न करणं. दोन हंगाम राबून, दाणे मोजून, पानसे-सुखात्म्यांना वंदन करून प्रबंध बांधून येईल, तेव्हा कुठल्याशा कोष्टकाखाली तिरप्या अक्षरांत लिहिलेलं असेल की कंट्रोलमध्ये आणि बाकीच्या सहांमध्ये फरक लक्षणीय आढळला नाही. व्हायवाला आलेले बाहेरचे परीक्षक ते वाचतील, चष्मा पुसतील आणि विचारतील, "कडेच्या ओळी वगळल्या होत्या ना?"