शेअरची नोंदवही

शेअरच्या व्यवहारांची नोंद ठेवणे हे शेअरधारकाचे काम आहे, आणि नफा होणार की नाही हे कळण्याच्या कितीतरी आधी ते सुरू होते. शेअर विकला की विक्रीची रक्कम प्राप्तिकर खात्याला न चुकता कळते. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे सगळे ज्याला 'एआयएस' म्हणतात त्यात, ती आपोआप जाऊन बसते. तो शेअर कधी आणि केवढ्याला घेतला होता, याची खात्रीलायक माहिती मात्र मालकाने द्यायची असते. मालकाला नेमके तेवढेच आठवत नाही.

खरेदीचा भाव ऐकणाऱ्यानुसार बदलतो. लग्नाच्या पंगतीत 'चाळीसला उचलला होता' असे सांगितले जाते, कारण तिथे नफा मोठा दिसायला हवा. सी. ए.च्या टेबलापुढे तोच शेअर 'ऐंशीच्या आसपास असेल' असा होतो, कारण तिथे नफा लहान दिसलेला बरा. दोन्ही ठिकाणी सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरेच आठवत नसते. कायद्याला यातला कुठलाच भाव चालत नाही. त्याला कॉन्ट्रॅक्ट नोट लागते.

कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे सौदा झाला की ब्रोकर पाठवतो तो कागद. हल्ली तो ईमेलने येतो आणि उघडायला पासवर्ड लागतो. हा पासवर्ड बहुधा स्वतःचा पॅन असतो. फक्त तो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत टाकायचा की लहान, हा शोध दर वेळी नव्याने लावावा लागतो. आत ऑर्डरचा क्रमांक, सौद्याची वेळ, भाव, दलाली, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, अशी सगळी वंशावळ असते. यातली दलाली आणि मुद्रांक शुल्क हिशेबात धरून नफा कमी करता येतो, एसटीटी धरता येत नाही. डिलिव्हरीच्या सौद्यात हा एसटीटी शंभर रुपयांमागे दहा पैसे पडतो, घेतानाही आणि विकतानाही.

एसटीटीचा पूर्वेतिहास नोंदवहीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २००४ रोजी तो आला, तेव्हा त्याच्या बदल्यात बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त झाला. करच नाही म्हटल्यावर कागद कशाला जपायचे, असा विचार घरोघरी झाला आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा रद्दीत गेल्या. या साडेतेरा वर्षांनी नोंदींचे जेवढे नुकसान केले, तेवढे वाळवीलाही जमले नसते. १ एप्रिल २०१८ पासून कर परत आला. एसटीटी मात्र होता तिथेच राहिला.

जुन्या शेअरवर एकदम अन्याय नको म्हणून सरकारने तेव्हा ३१ जानेवारी २०१८ ही तारीख नेमून दिली. त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत जो कमी तो घ्यायचा; मग तो आणि मूळ खरेदीचा भाव यांत जो जास्त तो खरेदीचा भाव मानायचा. हे वाक्य पहिल्या वाचनात समजले असे सांगणारे बहुधा सी. ए. असतात किंवा मग त्यांना समजलेले नसते. ज्यांचे कागद रद्दीत गेले त्यांना ही तारीख देवासारखी धावून आली. तरीही शेअर त्या तारखेच्या आधीच हाती होता, हे दाखवणारा एखादा कागद लागतोच.

तारखेचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. नोंदणीकृत कंपनीचा शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवला, तर नफा दीर्घ मुदतीचा; नाहीतर अल्प मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाख रुपये सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के. हा बदल आर्थिक वर्षाच्या ऐन मध्यावर आल्यामुळे २०२४-२५ च्या विवरणपत्रात विक्री २३ जुलैच्या आधीची की नंतरची, हेही वेगळे दाखवावे लागले.

एकच शेअर थोडा थोडा करून घेतला असेल, तर त्यातला कुठला विकला हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याला नाही. डीमॅट खात्यात जो आधी आला तोच आधी बाहेर गेला, असे धरले जाते. विकणाऱ्याच्या मनात परवा महागात घेतलेले असतात. कायद्याच्या लेखी गेलेले असतात ते दहा वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेले. आपण नेमके काय विकले, हे त्याला जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कळते.

बोनस आणि विभाजन यांनी या शास्त्रात खरी रंगत आणली आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे शंभर शेअर १९९३ च्या भागविक्रीत ९५ रुपयांनी घेतले असे समजा. गुंतवणूक झाली साडेनऊ हजारांची. १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस आला. शंभराचे आठशे झाले. मग दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे पाच-पाचचे दोन झाले, म्हणजे सोळाशे. २००४ मध्ये एकास तीन बोनस, ६,४००. त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकास एक. एकूण १,०२,४०० शेअर. हे शंभर शेअर हलवले नाहीत असा एक माणूस प्रत्येकाच्या नात्यात असल्याचे ऐकू येते. नीट चौकशी केल्यावर त्याने ते १९९५ मध्येच विकून स्कूटर घेतल्याचे निघते.

पण ज्याने खरोखर हलवले नाहीत, त्याची नोंदवही पाहण्यासारखी असणार. विभाजनात मूळ किंमत दोन तुकड्यांत वाटली जाते आणि तारीख जुनीच राहते. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्याची तारीख तो ज्या दिवशी मिळाला ती. २०१८ चा बोनस सप्टेंबरमध्ये आला, म्हणजे ३१ जानेवारीची तारीख उलटून गेल्यावर. त्यामुळे १,०२,४०० पैकी ५१,२०० शेअरना जानेवारीतल्या भावाचा आधार मिळतो, आणि उरलेले ५१,२०० शून्य रुपयांचे. ते विकले की, खर्च वगळता, आलेली सगळी रक्कम नफाच. शेअर फुकट मिळतो, त्यावरचा कर नाही.

कंपन्या एकत्र येतात किंवा वेगळ्या होतात, तेव्हा शेअरधारकाला काहीच करावे लागत नाही. करायचे ते सगळे नोंदवहीला. २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शिअल वेगळी निघाली. त्या वेळी रिलायन्सच्या जुन्या खरेदी किमतीचा ९५.३२ टक्के भाग रिलायन्सकडे ठेवायचा आणि ४.६८ टक्के भाग नव्या शेअरच्या नावे लावायचा, असे कंपनीने कळवले. कळवलेले कोणी वाचले, हा निराळा विषय. त्याच वर्षी जुलैमध्ये एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि तिच्या पंचवीस शेअरमागे बँकेचे बेचाळीस मिळाले. ज्याच्याकडे दहाच शेअर होते, त्याच्या वाट्याला १६.८ आले. शेअरचा तुकडा पाडता येत नाही. म्हणून सोळा शेअर डीमॅटमध्ये आणि ०.८ शेअरचे पैसे बँकेत. त्या ०.८ शेअरलाही खरेदी किंमत असते, खरेदीची तारीख असते आणि त्यावरचा नफा विवरणपत्रात दाखवायचा असतो. रक्कम हजार-बाराशेच्या घरातली. ती शोधून काढण्याची सी. ए.ची फी त्याहून जास्त.

मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीत मुहूर्ताचे सौदे होतात. लक्ष्मीपूजनाला शकुनाचा म्हणून एकच शेअर घेण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. प्रथा सुंदर आहे, पण त्या एका शेअरलाही स्वतंत्र ओळ लागते. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर शेअरधारकाकडे आल्यामुळे, या शेअरवर मिळालेला चार रुपयांचा लाभांशही उत्पन्नात धरावा लागतो. एआयएसमध्ये तो चार रुपयेच दिसतो. खाते तो विसरत नाही.

तोट्याच्या नोंदी ठेवायला कोणालाच आवडत नाही. बुडालेल्या शेअरचा विषय काढू नये, असा घरात अलिखित नियम असतो. वास्तविक सर्वांत मोलाच्या नोंदी याच. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा करता येतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. आणि उरलेला तोटा पुढची आठ वर्षे ओढता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. तोट्याच्या लाजेने ज्याने ते उशिरा भरले, त्याचा तोटा कायद्याच्याही लेखी बुडाला.

सकाळी घेऊन त्याच दिवशी विकलेल्या शेअरना या वहीत जागा नाही. तो सट्ट्याचा धंदा समजला जातो. सव्वानऊला गुंतवणूकदार म्हणून बसलेला माणूस साडेतीनला व्यापारी होऊन उठतो आणि त्याचा फॉर्मही बदलतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचेही तसेच, फक्त तो धंदा सट्ट्याचा नाही असे कायदा म्हणतो. नुकसान झालेल्यांचे मत वेगळे असू शकते.

वारसाने आलेल्या शेअरचे प्रकरण सर्वांत अवघड. वडिलांचा शेअर मुलाकडे आला, तर वडिलांची खरेदी किंमत आणि वडिलांची तारीख हीच मुलाची. फक्त ती वडिलांनी कुठे लिहून ठेवली, हे कायदा सांगत नाही. ती बहुतेक साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. पिशवीत भाग प्रमाणपत्रे, पिवळी पडलेली वाटपपत्रे, न वटवलेले लाभांशाचे धनादेश आणि एखादी एलआयसीची पावती निघते. शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारी डिपॉझिटरी आपल्याकडे १९९६ मध्ये आली. त्यानंतर केव्हातरी हे कागद डीमॅट झाले असतील, तर खात्याच्या उताऱ्यावर दिसते ती डीमॅट झाल्याची तारीख. खरेदीची तारीख पिशवीतच राहते. ब्रोकर बदलून शेअर नव्या खात्यात नेले तरी हेच होते. नव्या ब्रोकरच्या अहवालात खरेदी भावाचा रकाना कोरा किंवा शून्य दिसू शकतो, आणि तो आपल्या हाताने भरावा लागतो.

वहीचा आराखडा साधा आहे. कंपनीचे नाव, तिचा आयएसआयएन, खरेदीची तारीख, संख्या, भाव, खर्च. पुढे विक्रीची तारीख, संख्या, भाव, खर्च. आयएसआयएन हा बारा खुणांचा क्रमांक शेअरधारकाला कंटाळवाणा वाटतो. पण कंपन्या नावे बदलतात, आणि दीर्घ मुदतीचा नफा दाखवताना फॉर्ममध्ये हाच क्रमांक मागतात. बोनस, विभाजन आणि विलीनीकरणासाठी शेवटी एक रुंद रकाना सोडावा. ओळ त्याच दिवशी लिहावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलेली ओळ ही नोंद नसून आठवण असते, आणि आठवणींचे भाव पंगतीत ठरतात.

वही किती वर्षे ठेवायची, हे खरेदीवरून ठरत नाही, विक्रीवरून ठरते. विक्री ज्या विवरणपत्रात दाखवली, त्यानंतर सहा-सात वर्षे कागद जपलेले बरे. तोटा पुढे ओढलेला असेल, तर तो पुरता वापरला जाईपर्यंत. १९९३ चा शेअर २०३० मध्ये विकला, तर १९९३ चा कागद २०३७ पर्यंत कपाटात हवा.