गवती टोपीचा संप्रदाय

वैजापूरचा हा तरुण व्हॉट्सॲपवर स्वतःच्या चेहऱ्याने सहसा भेटत नाही. डीपीत ‘वन पीस’ या जपानी कथेतला लुफी असतो: गवती टोपी, डोळ्याखाली टाके, बत्तिशी बाहेर. मोबाइलबाहेर हाच इसम वडिलांबरोबर कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसलेला असतो, नाहीतर रोटेगाव स्टेशनात गाडीची वाट बघत उभा. तो स्वतःला नर्ड म्हणवतो. गाव ‘येडं’ म्हणून भागवतं. जाणत्यांचं निदानही ठरलेलं: पोरगं जपानी कार्टूनच्या नादी लागून मुळापासून तुटलं. मला उलटंच दिसतं. सरला बेटाच्या सप्ताहाचा तालुका हा. इथे असा माणूस निपजला नसता तरच नवल.

पुरावा त्याच्या गप्पांतच आहे. ‘वन पीस’ ही एइचिरो ओदाची चित्रकथा 1997 पासून चालू आहे आणि तिच्यावरच्या मालिकेचे भाग हजाराच्या पुढे गेलेत. ग्रुपवर ‘बघितलं का’ असं कुणी विचारत नाही, ‘कितव्यांदा’ असं विचारतात. म्हणजे पारायणच की. नवा भिडू आला की आधी त्याच्या हाती यादी पडते: मूळ कथेत नसलेले, मालिकावाल्यांनी वेळ काढायला घुसडलेले भाग कोणते. ‘फिलर हाय भावा, सोडून दे.’ या सोवळेपणाला आपल्याच जिल्ह्यात जुनं घराणं आहे. पैठणच्या एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि वर बजावलं, की यापुढे यात पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो. फिलर म्हणजे तीच करवंटी. मूळ चित्रकथा वाचणारा नुसती मालिका बघणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजरही पोथीवाल्याने कीर्तनाच्या श्रोत्याकडे टाकलेली आहे.

कुणी म्हणेल, पोथीने माणूस सुधारतो, लुफीने काय होतं? प्रश्न रास्त आहे. नाथांची पायरी याची नव्हे, आणि तसा दावा तोही करत नाही. पण सप्ताहाला जाणारा प्रत्येक जण मोक्षासाठीच जातो, असं आमटी-भाकरीच्या पंगती बघून छातीठोकपणे म्हणवत नाही. माणसाला आपल्यासारखीच येडी माणसं एका जागी हवी असतात. मग चेहरा कशाला लपवायचा, हा दुसरा आक्षेप. लपवतो कुठे? कपाळावरचा बुक्का बघून वारकरी ओळखावा, तसा टोपी बघून हा ओळखायचा. शिवाय पडद्यावरच्या सोंगाला ‘अवतार’ म्हणायला इंग्रजी गेमवाल्यांनी 1980 च्या दशकात सुरुवात केली ती आपलाच शब्द उचलून. दशावताराच्या मुलखात त्याचं अप्रूप ते काय. आणि याची निष्ठा आंधळीही नाही: आषाढीला डीपीत विठोबा येतो, द्वादशीला पारणं सुटलं की टोपी परत.

खरा पेच लग्नाच्या बायोडाटाशी पडतो. तिथे आईच्या आग्रहाने स्टुडिओतला फोटो लागतो: कोट भाड्याचा, मागे कापडावरचा धबधबा, चेहऱ्याला पावडर. तो फोटो ग्रुपवर पडला, की मिनिटभरात खाली एकच शब्द उमटतो: ‘फिलर.’